श्वानांची वेदनाशामके आणि ‘दुष्परिणाम’ ही संज्ञा

औषधाच्या पेटीत घडी घालून ठेवलेले माहितीपत्रक सामान्यतः कोणी वाचत नाही. वैद्यास त्याची गरज वाटत नाही, रुग्णास ते समजत नाही, आणि भाषेच्या अभ्यासकास तो आपला प्रांत वाटत नाही. तथापि एखाद्या मजकुरातील शब्द कोणी निवडले, कोणाच्या सोयीने निवडले आणि ते कोणत्या प्रसंगी बदलावे लागले, हे पाहणे जर आपले काम असेल, तर या पत्रकाइतके उघडे साधन क्वचितच सापडेल. ज्या रुग्णाला आपली व्यथा शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या औषधाचे पत्रक तर विशेषच लक्ष देऊन वाचण्याजोगे असते. प्रस्तुत निबंधात श्वानांच्या सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या, स्टेरॉइड वर्गात न मोडणाऱ्या दाहशामक औषधांच्या दुष्परिणामांचा इतिहास या दृष्टीने पाहावयाचा आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त घरगुती आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या तेरा वर्षांच्या कुत्र्याला उठताबसता त्रास होऊ लागला. वडील स्वतः गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेनच्या गोळ्या घेत असत. त्यांतीलच एक सकाळी व एक रात्री, पोळीच्या तुकड्यात घालून, त्यांनी मोठ्या मायेने चार दिवस त्याला दिली. पाचव्या दिवशी त्याची विष्ठा डांबरासारखी काळी झाली आणि तो जागचा हलेना. काय दिले होते, असे पशुवैद्यांनी विचारले तेव्हा ‘साधी दुखण्यावरची गोळी’ असे उत्तर मी दिले. आणि औषधाचा एवढा दुष्परिणाम होईल असे वाटले नव्हते, असेही वर म्हणालो. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. “सर, याला दुष्परिणाम म्हणत नाहीत, ही विषबाधा आहे. दुष्परिणाम योग्य औषधाचा असतो.” कुत्रा त्या खेपेस वाचला. परंतु ज्याचा व्यवसायच संज्ञांचा, त्याला संज्ञेच्या वापरावरून मिळालेली ती समज विसरण्यासारखी नव्हती. पुढे थोडे वाचन झाल्यावर लक्षात आले की, पशुवैद्यांनी दाखविलेली सीमारेषा व्यवहारात आवश्यक असली तरी इतिहासात ती वाटते तितकी ठळक नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजीतील ‘साइड इफेक्ट’ या शब्दात एक चित्र दडलेले आहे. औषध सरळ रस्त्याने आपल्या लक्ष्याकडे चालले आहे आणि वाटेत बाजूला काहीतरी सांडते आहे, असे ते चित्र. मराठीत रूढ झालेल्या ‘दुष्परिणाम’ या शब्दात बाजूची कल्पना नाही. तेथे आहे तो केवळ चांगल्यावाइटाचा निवाडा. परिभाषाकारांना तो भडक वाटत असावा, म्हणून ‘आनुषंगिक परिणाम’ असा शब्द ते सुचवितात. त्यात मुख्य आणि गौण ही उतरंड परत येते. मूळ ‘परिणाम’ शब्दाचा धातुगत अर्थ मात्र वळणे, पालटणे, पक्व होणे असा आहे. चरकाने रोगाच्या त्रिविध कारणांत ‘परिणाम’ हा शब्द काळ या अर्थी घातला आहे. वर्षानुवर्षे रोज एक गोळी घेणाऱ्या प्राण्याच्या संदर्भात हा जुना अर्थ आजच्या रूढ अर्थापेक्षा अधिक नेमका ठरतो.

उपचारातून उद्भवणाऱ्या अपायासाठी आयुर्वेदाचा स्वतःचा शब्द आहे तो ‘व्यापद्’. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील सहाव्या अध्यायात वमन व विरेचन या कर्मांच्या दहा व्यापदी सांगितल्या आहेत. त्यांत पोट फुगणे आहे, आतड्यात कातरल्यासारखी वेदना आहे, आणि ‘जीवादान’ या नावाने शुद्ध रक्त जाणेही आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, या व्यापदींचे दायित्व तेथे चौघांवर वाटून दिले आहे: परिचारक, औषध, वैद्य आणि स्वतः रुग्ण यांपैकी कोणाच्याही वैगुण्याने त्या घडू शकतात. आधुनिक संज्ञा अपाय औषधाच्या नावे लिहिते. जुनी संज्ञा तो प्रसंगाच्या नावे लिहिते व त्या प्रसंगात कोण कोण उपस्थित होते याची चौकशी करते. श्वानाच्या बाबतीत परिचारक म्हणजे घरमालक. आमच्या घरी घडले ती, या हिशेबाने, परिचारकाच्या वैगुण्याने झालेली निर्भेळ व्यापद् होती.

त्याच अध्यायात कुत्राही येतो, पण रुग्ण म्हणून नव्हे. बाहेर पडणारे रक्त जीवरक्त आहे की पित्तमिश्रित, हे ठरविण्यासाठी ते अन्नात मिसळून कावळ्यापुढे किंवा कुत्र्यापुढे ठेवावे. त्याने खाल्ले तर जीवरक्त, न खाल्ले तर पित्त, अशी परीक्षा तेथे सांगितली आहे. माणसाच्या औषधाने केलेला अपाय ओळखण्याचे साधन म्हणून श्वानाची योजना करण्याची पद्धत नवी नाही, एवढे यावरून म्हणता येईल. विसाव्या शतकात ती प्रयोगशाळेत गेली.

वेदनाशामकांचा आधुनिक इतिहास सालीपासून सुरू होतो. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो वृक्षाच्या सालीने ताप उतरतो, असे लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. एकोणिसाव्या शतकात त्या सालीतील द्रव्य वेगळे काढण्यात आले व पुढे सॅलिसिलिक आम्ल औषध म्हणून दिले जाऊ लागले. पण त्याने पोटाची जळजळ होई. १८९७ मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन याने त्याचे असिटिल रूप शुद्ध स्वरूपात सिद्ध केले आणि १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. म्हणजे हे औषधच मुळी आधीच्या औषधाच्या दुष्परिणामावरील उतारा म्हणून पुढे आले. हा उतारा कितपत खरा होता, हे पुढे चाळीस वर्षांनी दिसले. १९३८ मध्ये डाउथवेट व लिंटॉट या दोघा इंग्रज वैद्यांनी जठरात नळी घालून प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा ॲस्पिरिनच्या कणांभोवती जठराचे अस्तर लाल होऊन सुजलेले आढळले. ‘पोटाला सौम्य’ हे औषधाचे विशेषण त्यानंतरही टिकले. विशेषणे पुराव्यापेक्षा चिवट असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर नवनवी द्रव्ये बाजारात येऊ लागली आणि जी माणसाला लागू पडतील ती प्राण्यालाही द्यावीत, असा प्रघात पडला. यात मात्रेचे गणित बहुधा वजनावर मांडले जाई. सत्तर किलोच्या माणसाला एवढे, तर वीस किलोच्या कुत्र्याला त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके. हे गणित किती फसवे आहे, याची दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवण्याजोगी आहेत. फेनिलब्युटाझोन हे औषध १९४९ मध्ये माणसांच्या संधिवातासाठी आले आणि लवकरच घोडे व कुत्रे यांनाही दिले जाऊ लागले. माणसाच्या रक्तातून त्याची अर्धी मात्रा नाहीशी होण्यास सुमारे ७२ तास लागतात. कुत्र्याच्या रक्तातून ती सहा तासांच्या आसपास जाते. नाप्रोक्सेनचे याच्या नेमके उलट आहे. माणसात त्याचा अर्धायुकाल १२ ते १७ तासांचा, तर कुत्र्यात तो ७४ तासांपर्यंत मोजला गेलेला आहे. कारण असे की, कुत्र्याच्या शरीरात हे द्रव्य यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरते, तेथून पुन्हा शोषले जाऊन रक्तात येते, आणि हा फेरा पुनःपुन्हा चालतो. दर फेऱ्यास आतड्याचे अस्तर त्याच्या स्पर्शाखाली येते. त्यामुळे माणसाच्या नियमाने दिवसातून दोनदा दिलेली गोळी कुत्र्याच्या शरीरात साठत जाते. एक औषध कुत्र्याला पुरत नाही आणि दुसरे त्याला मारक ठरते. वजनाच्या त्रैराशिकाने यांपैकी काहीच कळत नाही.

आयबुप्रोफेनची कथा आमच्या घरच्या प्रसंगाला जवळची आहे. नॉटिंगहॅम येथील बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स व त्यांचे सहकारी यांनी ते शोधले आणि ब्रिटनमध्ये ते १९६९ साली वापरात आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच विषारीपणाच्या अभ्यासात कुत्र्यांना तीस दिवस हे द्रव्य दिल्याचा वृत्तांत आहे. दर किलो वजनामागे रोज ८ मिलिग्रॅम दिलेल्या कुत्र्यांत बाहेरून काही लक्षण न दिसता जठरात व्रण आढळले. १६ मिलिग्रॅमच्या मात्रेवर लक्षणेही दिसली. अर्थात कुत्र्याला हे औषध सोसत नाही, ही गोष्ट औषधाच्या जन्माच्या वेळीच ठाऊक होती. परंतु ती माणसाच्या औषधाविषयीची माहिती म्हणून नोंदली गेली होती, कुत्र्याच्या हिताची सूचना म्हणून नव्हे. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये व १९८४ मध्ये अमेरिकेत ते चिठ्ठीविना मिळू लागले, घरोघरच्या कपाटात शिरले, आणि कुत्र्यांच्या विषबाधेचे ते एक नित्याचे कारण होऊन बसले. ज्ञान उपलब्ध होते. ते ज्या वाक्यात होते, त्या वाक्याचा वाचक निराळा होता. वडिलांच्या गोळ्यांच्या पाकिटावर कुत्र्याविषयी एक अक्षरही नव्हते. ते असावे, अशी अपेक्षा तरी कोणी कोणाकडून करावी?

या औषधांची क्रिया कशी चालते, हे १९७१ पर्यंत कोणास ठाऊक नव्हते. त्या वर्षी जॉन व्हेन यांनी असे दाखवून दिले की, ॲस्पिरिन व तत्सम द्रव्ये शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या पदार्थांची निर्मिती रोखतात. एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन निबंधांपैकी व्हेन यांचा स्वतःचा निबंध गिनीपिगच्या फुप्फुसावरील प्रयोगाचा होता, दुसरा मानवी रक्तबिंबिकांवरील होता, आणि फरेरा, मोंकाडा व व्हेन यांचा तिसरा निबंध कुत्र्याच्या प्लीहेवरील प्रयोगाचा होता. या कार्यासाठी व्हेन यांना बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व असे की, त्याने ‘बाजूचा परिणाम’ या संज्ञेच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. दाह झालेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिने वेदना वाढवितात; पण जठरात तीच अस्तरावर श्लेष्म्याचे कवच राखतात, आणि शरीरातील पाणी किंवा रक्त कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तीच टिकवून धरतात. औषध ही निर्मिती थांबविते, म्हणून दुखणे कमी होते. आणि निर्मिती थांबते म्हणूनच जठरात व्रण पडतो. वाटेत सांडलेले असे काही नाहीच. एकच कृती, दोन ठिकाणी. त्यांपैकी एका ठिकाणाला ‘मुख्य’ म्हणावे आणि दुसऱ्याला ‘बाजूचे’, हा निर्णय रसायनाचा नसून औषध ज्या हेतूने दिले त्या हेतूचा, म्हणजे देणाऱ्याच्या दृष्टिकोनाचा आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर कर्ता एक, क्रिया एक, आणि कर्मे दोन; फक्त एका कर्माचा उल्लेख मुख्य वाक्यात होतो व दुसऱ्याचा गौण वाक्यात.

१९९१ च्या सुमारास ही उतरंड पुन्हा उभारण्याची संधी आली. प्रोस्टाग्लँडिन घडविणाऱ्या विकराचे दोन प्रकार आहेत असे आढळले. पहिला प्रकार जठर, रक्तबिंबिका इत्यादींत सदैव कामावर असतो, व दुसरा दाहाच्या ठिकाणी नव्याने उत्पन्न होतो, अशी मांडणी झाली. लगोलग पहिल्याला ‘चांगला’ आणि दुसऱ्याला ‘वाईट’ म्हणण्याचा प्रघात पडला. केवळ दुसऱ्यास रोखणारे औषध शोधले की दुष्परिणाम संपले, असा सोपा निष्कर्ष होता. माणसांसाठी या कल्पनेतून सेलेकॉक्सिब व रोफेकॉक्सिब आली (त्यांपैकी दुसरे हृदयविकाराच्या कारणाने सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले), आणि कुत्र्यांसाठी २००२ मध्ये डेराकॉक्सिब व २००४ मध्ये फिरोकॉक्सिब. परंतु दुसरा विकर मूत्रपिंडातही नित्य कार्यरत असतो, आणि जठरातील झालेली जखम भरून येण्यासाठी तोच लागतो. २००५ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकाच्या प्रमुख नियतकालिकात डेराकॉक्सिब दिलेल्या २९ कुत्र्यांची हकीकत आली. या सर्वांच्या जठराला किंवा आतड्याला भोक पडले होते. २० दगावले किंवा त्यांना दयामरण द्यावे लागले. यांतील २६ कुत्र्यांना एकतर मान्य मात्रेहून अधिक औषध गेले होते, किंवा त्याच्या जोडीला अथवा लागोपाठ दुसरे दाहशामक वा स्टेरॉइड दिले गेले होते. चरकाचे चार भागीदार येथे पुन्हा आठवतात. औषध दोषी म्हणावे, तर २९ पैकी २६ ठिकाणी योजना चुकली होती. योजना दोषी म्हणावी, तर ‘चांगला’ व ‘वाईट’ या दोन विशेषणांनी योजनाकारांना बेसावध केले होते, हेही नाकारता येत नाही.

वरील वाक्यात ‘दगावले’ हे क्रियापद मी हेतुतः वापरले आहे. मराठीत लहान मूल, रुग्ण वा जनावर यांच्या मृत्यूस हा शब्द लावतात. फारसीतून आलेल्या ‘दगा’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. मरणारा आपल्याला दगा देऊन जातो, असा काहीसा भाव त्यात आहे. कुत्र्याच्या बाबतीत दगा कोणी कोणाला दिला, हा प्रश्न हे क्रियापद विचारत नाही.

कुत्र्यांच्या औषधपत्रकात ‘मृत्यू’ हा शब्द ज्या वादातून ठळक झाला, तो वाद याहून काही वर्षे आधीचा आहे आणि तो तपशिलाने सांगण्याजोगा आहे. कार्प्रोफेन हे द्रव्य हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीने विकसित केले. माणसांसाठी ते काही काळ वापरात होते, परंतु व्यापारी कारणांमुळे टिकले नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या सांध्यांच्या विकारासाठी त्यास मान्यता दिली आणि १९९७ च्या आरंभी फायझर कंपनीने ते ‘रिमाडिल’ या नावाने विकावयास काढले. तोवर तेथे म्हाताऱ्या कुत्र्याचे लंगडणे हे बहुधा वयाचेच लक्षण समजले जाई. आता त्यावर रोज देता येईल असे, खास कुत्र्यासाठी तपासलेले औषध मिळू लागले, आणि हा बदल लहान नव्हता. जिन्याखाली पडून राहणारे कुत्रे पुन्हा फिरावयास जाऊ लागले. या औषधवर्गाचा इतिहास लिहिताना ही बाजू विसरणे म्हणजे त्या असंख्य प्राण्यांवर अन्याय होईल.

पण १९९८ मध्ये मॅकफेल व सहकारी यांनी २१ कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध केली. कार्प्रोफेन सुरू केल्यानंतर या कुत्र्यांच्या यकृतपेशींना गंभीर इजा झाली होती. मात्रा अतिरेकी नव्हत्या. योजना चुकीची नव्हती. २१ पैकी १३ कुत्रे लॅब्रडॉर जातीचे होते. बहुतेक सुधारले, चार वाचू शकले नाहीत. लॅब्रडॉर ही तेथील अत्यंत लोकप्रिय जात असल्याने तिची ही संख्या जातीच्या दौर्बल्याची की केवळ गणतीची, हे त्यावरून ठरत नाही. हा अपाय प्रोस्टाग्लँडिनांच्या हिशेबात बसणारा नाही. तो कोणत्या प्राण्यास होईल हे आधी सांगता येत नाही व मात्रेशी त्याचे सरळ प्रमाण नसते. वैद्यक त्यास ‘इडिओसिंक्रॅटिक’, म्हणजे ज्याच्या त्याच्या प्रकृतीच्या वैशिष्ट्याने घडलेला, असे म्हणते. ग्रीक मुळाचा हा भारदस्त शब्द उलगडला तर ‘ज्याचे त्याचे मिश्रण’ एवढाच अर्थ उरतो. पशुवैद्यांनी मला सांगितलेली व्याख्या येथे बरोबर लागू पडते. योग्य औषध, योग्य मात्रा, आणि तरीही मृत्यू. खरा दुष्परिणाम हा.

यानंतर श्वानमालकांच्या तक्रारी प्रशासनाकडे येत राहिल्या, दक्षिण कॅरोलायनात एक दावाही दाखल झाला, आणि १९९९ च्या अखेरीस प्रशासनाने पशुवैद्यांस उद्देशून पत्र काढले. मार्च २००० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने या साऱ्या प्रकरणाचा वृत्तांत दिला. त्यात म्हटल्याप्रमाणे, दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत ‘मृत्यू’ हा शब्द बोलून दाखविला जावा असे प्रशासनाचे म्हणणे पडले, तेव्हा कंपनीने जाहिरातच थांबविणे पसंत केले. भाषेच्या अभ्यासकास हा प्रसंग अपूर्व वाटल्यावाचून राहत नाही. उलटी, अतिसार, भूक मंदावणे, यकृताची इजा ही सर्व नामे चालत होती. त्या साखळीतील शेवटचे नाम तेवढे उच्चारता येत नव्हते. पुढे माहितीपत्रकाचा मजकूर वाढला, क्वचित प्रसंगी काही प्रतिक्रियांची परिणती मृत्यूत झालेली आहे असे विधान त्यात आले, आणि पशुवैद्याने मालकाच्या हाती द्यावयाचे साध्या भाषेतील वेगळे पत्रक या वर्गातील औषधांसोबत येऊ लागले. परिचारकाला उद्देशून लिहिलेला हा या इतिहासातील पहिला महत्त्वाचा मजकूर म्हणावा लागेल. त्यात शास्त्रीय नावांऐवजी दिसणाऱ्या गोष्टी आहेत: भूक गेली का, विष्ठा काळी झाली का, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो का, असे काही दिसल्यास गोळी थांबवा व पशुवैद्यास कळवा. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, गोळी कुत्र्याने आवडीने खावी म्हणून ती स्वादिष्ट केली गेली, आणि तिचा स्वाद इतका साधला की, हाती लागलेली बाटली फोडून सगळ्याच गोळ्या फस्त करणाऱ्या कुत्र्यांसाठी पत्रकात आणखी एक सावधगिरीची सूचना घालावी लागली.

मात्र हे पत्रक एका गृहीतावर उभे आहे. ते असे की, मालकाला जे दिसते त्याचा अर्थ त्याला लावता येतो. ‘मलूल’ हा शब्द घ्या. म्हातारा कुत्रा मलूल असतो तो वयाने, दुखण्याने की औषधाने? शब्द एकच, कारणे तीन, आणि उपाय परस्परविरुद्ध. कारण दुखण्याने मलूल झाला असेल तर मात्रा वाढवावी लागेल, औषधाने झाला असेल तर थांबवावी लागेल. वेदनेच्या शब्दांचा पद्धतशीर अभ्यास माणसांच्या बाबतीत रोनाल्ड मेल्झॅक यांनी केला. त्यांची मॅकगिल प्रश्नावली १९७५ ची. तिच्याच धर्तीवर ग्लासगो येथील पशुवैद्यकांनी २००१ मध्ये कुत्र्यांच्या तीव्र वेदनेचे मापन सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी प्रथम कुत्र्याच्या वेदनेचे वर्णन करणारे २७९ शब्द व वाक्प्रयोग गोळा केले, ते पारखून ४७ वर आणले, आणि सात वर्तनगटांत त्यांची मांडणी केली. शब्दसंग्रह, अर्थच्छटांची छाननी, वर्गीकरण: हे आपलेच काम, दुसऱ्या विभागात झालेले. मराठीत कण्हणे, कुंथणे, विव्हळणे, केकाटणे, कुईकुई करणे, निपचित पडणे, अंग चोरणे असे कितीतरी सूक्ष्म भेद सहज बोलले जातात. त्यांची अशी पारख कोणी पशुवैद्याच्या साहाय्याने केली, तर ते एका प्रबंधाचे काम होईल.

पाहणाऱ्याचा विश्वास पाहण्यात किती मिसळतो, हे २०१२ मध्ये कॉन्झेमियस व एव्हान्स यांनी मोजले. सांधेदुखीने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांना औषध म्हणून निष्क्रिय गोळी दिली असता, पावलाचा दाब मोजणारे यंत्र सुधारणा दाखवीत नसतानाही मालकांना सुमारे चाळीस टक्के वेळा कुत्रा सुधारल्याचे दिसले. पशुवैद्यांचीही गत फारशी निराळी नव्हती. माणसाच्या चाचणीत निष्क्रिय गोळीने रुग्णाला बरे वाटते. येथे रुग्णाच्या वतीने दुसऱ्याला बरे वाटते. ज्याला सुधारणा दिसते आहे, त्याला अपाय उशिरा दिसतो, हे वेगळे सांगावयास नको. आमच्या घरीही तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले होते की, गोळी लागू पडते आहे.

भारतात या औषधवर्गाचा सर्वांत मोठा अपाय ज्याच्यावर झाला, तो प्राणी रुग्णही नव्हता. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकचा अंश मेलेल्या जनावरात राहतो व ते मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनाने सिद्ध झाले. भारताने पशुवैद्यकीय वापरासाठी त्याचे उत्पादन २००६ मध्ये बंद केले, व पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्यावरही तशी बंदी घातली. गिधाडे गेली आणि उघड्यावर पडलेली मढी भटक्या कुत्र्यांच्या वाट्यास आली; त्यांची संख्या वाढण्याशी व त्यातून अलर्काच्या धोक्याशी अभ्यासकांनी याचा संबंध जोडला आहे. औषध बैलाला, मृत्यू गिधाडाला, लाभ कुत्र्याला, आणि चावा माणसाला. याला ‘बाजूचा परिणाम’ म्हणावयाचे तर बाजू तरी किती मोजाव्यात?

अलीकडच्या काळात प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती न रोखता वेदना शमविण्याचे प्रयत्न सुरू झाले. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले ग्रापिप्रँट हे प्रोस्टाग्लँडिनाच्या एकाच ग्राहकाला अडविते. बेडिनव्हेटमॅब हे तर गोळी नसून महिन्याला एकदा टोचावयाचे प्रतिपिंड आहे. ते मज्जातंतूंच्या वाढीस कारण होणाऱ्या एका घटकाला बांधून ठेवते. युरोपात त्याला २०२० मध्ये व अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने पुन्हा पशुवैद्यांस पत्र लिहिले. तोल जाणे, आकडी, पायांतील शक्ती जाणे, लघवीवर ताबा न राहणे अशा घटनांची नोंद त्यात आहे. संज्ञा ‘घटना’ अशी आहे, ‘प्रतिक्रिया’ अशी नव्हे. घटनेला काळ पुरतो, प्रतिक्रियेला कारण लागते, आणि आपण होऊन कळविलेल्या तक्रारींवरून कारण सिद्ध होत नाही, ही प्रशासनाची भूमिका तर्काला धरूनच आहे. काही प्रसंगी या घटनांचा शेवट मृत्यूत झाला, असेही पत्रात स्पष्ट लिहिले आहे आणि त्या शब्दापुढे कंसात एक खुलासा जोडला आहे: यात दयामरणही धरलेले आहे.